पुसलेली खूण परत का येते?

रेडिओ चुलीजवळ ठेवून भाकरी थापणाऱ्या, शेताच्या बांधावर मोबाईलला कान लावून बसलेल्या, सगळ्या तायांना, वहिनींना, आक्कांना नमस्कार.

आज आम्ही कॉम्प्युटरबद्दल बोलणार आहोत. लगेच आवाज बारीक करू नका. आम्ही तिघी मैत्रिणी, एक समन्वयक आणि दोन गटांच्या सचिव, या एका गोष्टीपायी पाच महिने हैराण झालो. एक चांगली सभासद आमच्यावर रुसून बैठकीला यायची थांबली. म्हणून ही गोष्ट कॉम्प्युटरची कमी आणि आपल्या गटाची जास्त आहे.

१९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडायचं काम सुरू केलं, तेव्हापासून आपल्या मागे कागद लागले. ठराव, इतिवृत्त, सभासद यादी, बचतीचा तक्ता, कर्जाचा अर्ज. आमच्या सासूबाईंच्या पिढीने हे सगळं वहीत लिहिलं आणि पिशवीतून बँकेत नेलं. आता बहुतेक ठिकाणी म्हणतात, पीडीएफ पाठवा. पीडीएफ म्हणजे असा कागद की जो कुठल्याही कॉम्प्युटरवर, कुठल्याही मोबाईलवर उघडला तरी पान तसंच्या तसं दिसतं, अक्षर इकडचं तिकडे होत नाही. १९९३ साली अडोबी कंपनीने ही पद्धत काढली आणि २००८ साली ती सगळ्या जगासाठी खुली प्रमाण पद्धत झाली. चांगली सोय आहे. कुरकुर तिच्याबद्दल नाही.

या पीडीएफमध्ये एक गंमत असते, तिला बुकमार्क म्हणतात. शुद्ध मराठीत वाचनखूण. लहानपणी आपण पुस्तकात मोरपीस ठेवायचो ना, तसंच. पीडीएफ उघडली की डाव्या बाजूला एक पट्टी उघडते, मोबाईलमध्ये एक छोटं चिन्ह दाबावं लागतं, आणि तिथे यादी दिसते: सभासद यादी, बचत तक्ता, ठराव १, ठराव २. ज्या नावावर बोट ठेवाल ते पान समोर. साठ-सत्तर पानांच्या फाइलमध्ये ही फार उपयोगाची गोष्ट आहे. मोरपिसात आणि हिच्यात फरक एवढाच, की मोरपिसावर काही लिहिलेलं नसतं. या खुणेवर लिहिलेलं असतं. आमची सगळी भानगड तिथेच झाली.

आमच्या ग्रामसंघाचा अहवाल ६४ पानांचा. त्यात ३१ व्या पानावर सातवा ठराव. आमच्या एका वहिनींच्या घरी मालकांचा अपघात झाला, चार हप्ते राहिले. गटाने बैठक घेऊन त्यांना मुदत वाढवून दिली. अगदी योग्य केलं, आणि वहिनींनी दिवाळीपर्यंत सगळे हप्ते फेडलेसुद्धा. पण ठराव टाइप करताना आम्ही मथळा काय दिला? वहिनींचं पूर्ण नाव आणि पुढे ‘थकीत हप्ते’. हा मथळा जसाच्या तसा खूण होऊन डाव्या पट्टीत जाऊन बसला. फाइल गटाच्या व्हॉट्सॲपवर गेली. वहिनींची लेक कॉलेजला आहे. तिने मोबाईलवर फाइल उघडली, आणि ३१ वं पान सोडाच, पहिलं पान वाचायच्या आधी तिला यादीत आईचं नाव दिसलं.

वहिनी आमच्याकडे आल्या. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “पानावर नाव असू दे ताई, त्या ठरावावर मी स्वतः सही केलीय. पण दारावर पाटी नको.”

आम्हाला पटलं. गावातल्या सेवा केंद्रातल्या दादाकडे पीडीएफमध्ये बदल करायचा प्रोग्राम आहे. त्याच्याकडे जाऊन आम्ही ती खूण पुसून आणली. उजव्या बटणाने क्लिक, डिलीट, झालं. वहिनींना सांगितलं, पुसली. पुढच्या महिन्याचा अहवाल गेला, खूण पुन्हा हजर. पुन्हा पुसली, पुन्हा हजर. तिसऱ्या वेळी वहिनी बैठकीलाच आल्या नाहीत, बचतीचे पैसे शेजारणीच्या हाती पाठवले. आम्ही घरी गेलो तर म्हणाल्या, “तुम्हाला पुसायचंच नव्हतं तर तसं सांगायचं होतं.”

मैत्रिणींनो, आमच्या हातून हिशोबात चूक झालेली आहे, पावती हरवलेली आहे, पण खोटं बोलल्याचा ठपका पहिल्यांदा आला. त्या रात्री आम्ही तिघी सचिवताईंच्या ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलो.

झालं असं होतं. आपला अहवाल मुळात पीडीएफमध्ये लिहिलेला नसतोच. तो टाइप होतो वर्डमध्ये किंवा आमच्यासारखा लिबरऑफिसमध्ये, ते फुकट मिळतं म्हणून. तिथे मथळ्याला ‘हेडिंग’ नावाचा साज चढवतात. अक्षर मोठं होतं, ठळक होतं. पण हेडिंग म्हणजे नुसतं ठळक अक्षर नव्हे, कॉम्प्युटरच्या लेखी ते प्रकरणाचं नाव असतं. त्या फाइलची पीडीएफ करताना तो विचारतो, की एवढी प्रकरणं आहेत, यांच्या खुणा करू का? आपण हो म्हटलेलं असेल तर प्रत्येक हेडिंगची एक खूण तयार होते. आम्ही दर महिन्याला काय करत होतो? मूळ फाइलमध्ये नवे आकडे भरत होतो आणि वरच्या पट्टीतलं पीडीएफचं छोटं बटण दाबत होतो. लिबरऑफिसमधलं ते बटण काही विचारत बसत नाही, आधी ठरलेल्या पद्धतीने थेट नवी पीडीएफ काढून देतं. म्हणजे पुसलेली पीडीएफ वेगळी आणि पाठवलेली वेगळी! गालावर काजळ लागलेलं, आणि आम्ही आपला आरसा पुसत होतो.

तर उपाय मुळाशी करायचा. लिबरऑफिस असेल तर छोटं बटण दाबू नका. ‘फाइल’ मध्ये जा, ‘एक्स्पोर्ट ॲज’, मग ‘एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ’. एक खिडकी उघडेल. तिच्या ‘जनरल’ या पानावर ‘एक्स्पोर्ट आउटलाइन्स’ अशी चौकट आहे, जुन्या लिबरऑफिसमध्ये तिथेच ‘एक्स्पोर्ट बुकमार्क्स’ लिहिलेलं असतं. त्यातली टिक काढली की एकही खूण होत नाही. वर्डमध्ये ‘सेव्ह ॲज’ करून प्रकार पीडीएफ निवडला की ‘ऑप्शन्स’ असं बटण येतं. त्यात ‘क्रिएट बुकमार्क्स युझिंग’ अशी चौकट आहे आणि खाली ‘हेडिंग्ज’. तिथली टिक काढा.

पण आम्ही स्वतः टिक काढली नाही. बँकेतल्या साहेबांना ६४ पानं चाळत बसायला लावायचं का? खुणा हव्यातच. आम्ही मथळा बदलला. आता हेडिंग आहे फक्त ‘ठराव ७’. वहिनींचं नाव आणि मुदतवाढीचा मजकूर त्याखाली, साध्या अक्षरात. ज्या ओळीची खूण नको पण ठळक हवी, तिचं हेडिंग काढून साधा मजकूर करायचा आणि मग हाताने अक्षर मोठं, ठळक करायचं. दिसायला तेच, खूण मात्र होत नाही. पीडीएफ काढायच्या आधी बघायचं असेल तर वर्डमध्ये ‘व्ह्यू’ मध्ये जाऊन ‘नॅव्हिगेशन पेन’ लावा, लिबरऑफिसमध्ये एफ ५ दाबा. तिथे जी हेडिंग दिसतील, त्यांच्याच खुणा होणार.

आम्ही खुशीत नवी फाइल पाठवली. दुसऱ्या दिवशी वहिनींच्या लेकीचा फोन. “मावशी, आहेच की!”

आता काय करावं? तिच्याच मोबाईलवर बघितलं. डाऊनलोडमध्ये एकाच नावाच्या चार फाइली. एक नुसती ‘ग्रामसंघ अहवाल’, दुसरीपुढे कंसात १, तिसरीपुढे कंसात २. आम्ही प्रत्येक वेळी तेच नाव देऊन पाठवलं होतं, आणि पोरगी उघडत होती सगळ्यात जुनी. तिची काय चूक? नाव सारखं, चेहरा सारखा. आता आम्ही नावातच तारीख घालतो, ‘ग्रामसंघ अहवाल १० मार्च’ अशी. आणि गटात सांगतो की जुनी आधी काढून टाका, मग नवी उघडा. व्हॉट्सॲपवरचा संदेश सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, पण ठरावीक मुदतीतच, आणि जिने फाइल आधीच दुसरीकडे ठेवली किंवा पुढे पाठवली तिच्याकडे ती राहतेच. हे वहिनींना आम्ही सरळ सांगितलं. लपवून काय उपयोग होता?

मग मार्चमध्ये पुन्हा! या वेळी नव्या फाइलीत, नव्या तारखेच्या. आमचा तर धीरच सुटला. सचिवताई म्हणाल्या, या फाइलीला करणी केलीय कोणीतरी. पण करणीबिरणी काही नव्हती. बँकेला द्यायला सेवा केंद्रातल्या दादाने आमचा नवा अहवाल, मागच्या वर्षीचे ठराव आणि सभासदांच्या आधार कार्डांचे स्कॅन अशा सगळ्या पीडीएफ जोडून एक केली होती. फाइली जोडल्या की त्यांच्यातल्या खुणाही बहुतेक प्रोग्राममध्ये बरोबर येतात. मागच्या वर्षीच्या ठरावांच्या फाइलीत वहिनींची जुनी खूण होतीच, ती नव्यात येऊन बसली. वर आणखी एक. काही प्रोग्राम जोडताना प्रत्येक फाइलीच्या नावाची एक खूण आपणहून तयार करतात. दादाने आधारच्या स्कॅनना बायकांची नावं दिली होती, त्या बाराही जणींची नावं ओळीने पट्टीत! म्हणून फाइली जोडायच्या असतील तर आधी सगळ्या जोडून घ्या आणि खुणा पुसायचं काम अगदी शेवटी करा. आधी पुसून मग जोडलं तर केलेलं काम वाया.

एवढं झाल्यावर आम्ही शेजारच्या दोन ग्रामसंघांतल्या मैत्रिणींना विचारलं. त्यांच्याकडेही हाच त्रास, पण कारण निराळं.

एकीचं अगदी साधं निघालं. ती मेलवर आलेली फाइल तिथल्या तिथे उघडायची, खूण पुसायची, आणि बंद करायची. मेलमधून उघडलेली फाइल पुष्कळदा तात्पुरती असते, तिच्यात केलेला बदल मूळ जागी पोचत नाही. आधी फाइल आपल्या फोल्डरमध्ये उतरवून घ्यायची, मग उघडायची, मग पुसायचं, आणि ‘सेव्ह’ करायचं. फाइल ‘रीड ओन्ली’ असेल, किंवा तिला पासवर्डाचं कुलूप असेल, तरी बदल टिकत नाही. तेव्हा ‘सेव्ह ॲज’ करून नवं नाव द्यावं लागतं किंवा जिने कुलूप लावलं तिलाच विचारावं लागतं. आणि फुकटच्या वाचायच्या ॲपमध्ये बहुधा खुणा दिसतात पण पुसता येत नाहीत, तिथे वेळ घालवू नका.

दुसरीची फाइल ड्राइव्हवर होती, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत. लॅपटॉपवर तिने खूण पुसली, पण त्या वेळी रेंज नव्हती. तिकडे अध्यक्षाताईंच्या मोबाईलवर तीच फाइल जुन्या रूपात होती आणि त्यांनी तिच्यात काहीतरी लिहिलं. रेंज आल्यावर जुनीच वर गेली. आपल्याकडे रेंजचं काय आहे ते तुम्हाला सांगायला नको, टेकडीवर जाऊन फोन करणारी माणसं आपण. अशा फाइलीत एका वेळी एकीनेच हात घालावा आणि बाकीच्यांना फोन करून सांगावं की आज मी फाइल उघडलीय, तुम्ही उघडू नका.

आणि एक गंमत ऐका. एका आक्कांच्या मोबाईलवर खूण दिसायची ती फाइलीत नव्हतीच मुळी. काही वाचायच्या ॲपमध्ये आपण एखाद्या पानावर आपली स्वतःची खूण करून ठेवू शकतो. ती त्या ॲपच्या पोटात राहते, फाइलीत जात नाही. फाइल कितीही धुवा, आक्कांच्या ॲपला आठवणच! हे ओळखायला सोपं आहे. तीच फाइल दुसरीच्या मोबाईलवर पाठवा. तिथे खूण दिसली नाही तर ती फाइलीतली नाही, तुमच्या ॲपमधली आहे. तिथूनच काढा.

तुमच्याकडे असं काही झालं तर आम्ही आता कसं बघतो ते सांगते, पटकन. खूण पुसा, सेव्ह करा, फाइल पूर्ण बंद करा आणि लगेच पुन्हा उघडा. तेव्हाच परत आली तर बदल टिकलेलाच नाही, सेव्हमध्ये गडबड आहे. तेव्हा नाही पण नवा अहवाल काढल्यावर आली तर मूळ फाइलीतलं हेडिंग बघा. लॅपटॉपवर नाही पण मोबाईलवर आहे, तर जुनी प्रत किंवा ॲपची खूण. कोणी हात न लावता दुसऱ्या दिवशी आली तर ड्राइव्ह. जोडणी केल्यावर आली तर जोडलेली एकेक फाइल उघडून पट्टी बघा. आम्ही हे सगळं एकदम करायला जायचो आणि गोंधळायचो. एका वेळी एकच बघायचं.

एक मात्र सांगितलं पाहिजे, आम्हाला स्वतःला ते उशिरा कळलं. खूण पट्टीतून गेली म्हणजे ती फाइलीतून समूळ गेली असं नेहमीच नसतं. आपण रोकडवहीत खाडाखोड करतो का? खोडरबर चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारतो, खाली बरोबर आकडा लिहितो आणि सही करतो. पीडीएफमध्येही तशी सोय आहे. नुसतं ‘सेव्ह’ केलं तर पुष्कळ प्रोग्राम जुना मजकूर तसाच ठेवून फाइलीच्या शेवटी बदल जोडतात. वाचणाऱ्याला नवं दिसतं, पण जुनं आत पडून असतं आणि जाणकार माणूस ते काढू शकतो. म्हणून नाजूक गोष्ट असेल तर ‘सेव्ह ॲज’ करून नवी फाइल करा, काही प्रोग्राममध्ये त्याने सगळी फाइल नव्याने लिहिली जाते. त्याहून भरवशाचं म्हणजे मूळ फाइल सुधारून तिथूनच नवी पीडीएफ काढणं. मूळ फाइल हाताशी नसेल तर विंडोजमध्ये छपाईच्या खिडकीत प्रिंटरच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडा. कागदाऐवजी नवी पीडीएफ छापून येते, पानं तीच, खुणा येत नाहीत. फक्त ज्या फाइलीवर डिजिटल सही आहे तिला हे करू नका, नव्या फाइलीत ती सही राहत नाही.

आणि खूण पुसली म्हणून पान जात नाही, हेही लक्षात असू द्या. पानावरचं नाव पानावरच असतं. पण मोठी खूण पुसली तर तिच्या पोटातल्या लहान खुणा तिच्याबरोबर जातात. आमच्या एका सचिवताईंनी ‘ठराव’ ही एकच खूण पुसली आणि खालच्या अठराही गेल्या. घाबरल्या बिचाऱ्या. ठराव पानांवर शाबूत होते.

वहिनींचं काय झालं ते राहिलंच. एप्रिलच्या बैठकीच्या आधी आम्ही लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेलो. आरशाची गोष्ट त्यांना सांगितली. लेकीने मूळ फाइल उघडून स्वतः ‘ठराव ७’ चा मथळा बघितला, आमच्यासमोर पीडीएफ काढली, आपल्या मोबाईलवर घेतली, पट्टी उघडून वरपासून खालपर्यंत वाचली. मग आईकडे बघून मान हलवली. वहिनींनी चहा ठेवला. त्या म्हणाल्या, मुळात सगळ्यांचे ठराव सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवायचे कशाला? आम्ही तिघी गप्प. खरंच, बँकेला लागतात म्हणून ठराव घातले आणि तीच फाइल जशीच्या तशी गटात ढकलली, कारण ते सोपं होतं. आता दोन फाइली होतात. बँकेची वेगळी, तिच्यात ठराव असतात. गटाची वेगळी, तिच्यात जमाखर्च आणि पुढच्या महिन्याची कामं.

वहिनी एप्रिलच्या बैठकीला आल्या, बचत स्वतःच्या हाताने दिली. आणि दर महिन्याला फाइल बाहेर जायच्या आधी ती आता त्यांच्या लेकीकडे जाते. ती पट्टी उघडून बघते आणि ‘पाठवा मावशी’ असा संदेश करते. मागच्या महिन्यात तिने एक चूक काढली, आधारच्या स्कॅनला पुन्हा कोणीतरी नाव दिलं होतं.

तुमच्या गटाच्या फाइलीत असं काही असेल तर येत्या प्रभागसंघाच्या बैठकीला ती पेन ड्राइव्हवर घालून आणा. मूळ फाइलसुद्धा आणा, नुसती पीडीएफ नको. जेवणाच्या सुट्टीनंतर आम्ही तिघी लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत बसणार आहोत. नमस्कार.